दोन सूर खाली

जुनं म्हणा, खरचटलेलं म्हणा, पोटावर डाग पडलेलं म्हणा, मी काही मनाला लावून घेत नाही. पण मित्रांनो, मला गिटारचं पिल्लू तेवढं म्हणू नका. पिल्लू असतो तर एव्हाना मोठा झालो नसतो का? मी आहे युकुलेले. चार तारा, चार खुंट्या, हातभर लांबी आणि बोलायची खाज. आमचं घराणं दूर समुद्रातल्या बेटांवरचं. तिथल्या भाषेत आमच्या नावाचा अर्थ म्हणे 'उड्या मारणारी पिसू' असा होतो. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला माझा स्वभाव आधीच कळला असावा. मला एका जागी चैन पडत नाही. कुणी छेडलं नाही तर जीव कासावीस होतो, आणि कुणी छेडलं की वाटतं, याला आणखी चार गाणी का येत नाहीत.

लोक माझ्यासारखं वाद्य हातात का घेतात, याचा मी फार विचार केला आहे. फळीवर पडल्या पडल्या दुसरं करणार तरी काय? विचार करून करून मी एक मत बनवलं होतं, आणि ते एका उन्हाळ्यात साफ खोटं ठरलं. त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म कारखान्यातला. चालत्या पट्ट्यावरून माझी शंभर भावंडं एकामागून एक पुढे सरकत होती. एका बाईनं माझ्या पोटावर गोंद लावून लाकडाचा एक आडवा तुकडा चिकटवला. त्याला घोडी म्हणतात. चारही तारा घोडीला बांधलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा सगळा ताण ती एकटी सोसते. ती सुटली की आमचा कारभार आटोपला. एवढं ध्यानात राहू द्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी घडलं.

खोक्यात बसून मी आलो तो थेट उस्मानपुऱ्यात, एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. तेव्हा शहराच्या पाट्यांवर औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. मला मागवलं होतं हिमांशूनं. तो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. कशासाठी मागवलं, ते ऐकाल तर हसाल. त्याच्या वर्गातल्या अश्लेषानं गिटार वाजवणाऱ्या एका मुलाचं कौतुक केलं होतं आणि गॅदरिंग पंधरा दिवसांवर आलं होतं. पंधरा दिवसांत गिटार येत नाही पण युकुलेले येतं, असं त्याला मोबाइलवर कुणीतरी पटवलं. झालं, दुधाची तहान ताकावर. ताक म्हणजे मी.

हिमांशूनं बोटं सोलवटून घेतली, तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे तीन गुच्छ, शिकला आणि गॅदरिंगमध्ये मला घेऊन उभा राहिला. टाळ्या पडल्या. अश्लेषानंही वाजवल्या, पण ती सगळ्यांसाठीच वाजवत होती. त्यानंतर चारेक महिने मी दिवाणावर, खुर्चीवर, कधी चुकून कपड्यांच्या ढिगात असा घरभर फिरलो. ते माझे सुखाचे दिवस. मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि जाताना त्यानं मला पुस्तकांच्या फळीवर आडवं केलं. "पुढच्या वेळी नेतो," म्हणाला. नव्याची नवलाई नऊ दिवस, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी मत बनवलं ते या फळीवर. माणूस दुसऱ्यावर छाप पाडायला वाद्य उचलतो आणि छाप पडली नाही की खाली ठेवतो. संपलं. दोन वर्षं मी हे मत घोळवत पडून होतो. समोरचा बैठा बंगला पाडून तिथं सात मजली इमारत चढत होती. दिवसभर मशीन घरघरायची आणि सिमेंटची धूळ खिडकीतून येऊन माझ्या तारांवर बसायची. शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि पाऊस मात्र सालोसाल पाठ दाखवत होता. नळाला आठ आठ दिवसांनी पाणी यायचं. ज्या सकाळी यायचं त्या सकाळी कुणी आजारी पडायचं नाही, कुणी गावाला जायचं नाही, कुणी पूजेला बसायचं नाही. सगळी वस्ती बादल्या घेऊन खाली.

हिमांशूचे वडील हेमचंद्रराव पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. सुंभ जळाला तरी पीळ जातो का? रोज सकाळी ते पेपर उघडून नाथसागरात किती टक्के पाणी उरलं ते मोठ्यानं वाचायचे. एकदा त्यांनी वाचलं, "मृतसाठा." म्हणजे धरण तळाला गेलं. मग पेपरची घडी घातली आणि त्या दिवशी पुढचं काही वाचलं नाही.

हिमांशूची आई कालिंदीताई. या घरात माझं कुणी असेल तर त्या. सव्वीस वर्षं त्या जवळच्या शाळेत शिशुवर्गाला शिकवत होत्या. शिशुवर्गाच्या बाईंचं निम्मं काम गळ्यानं चालतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुलं रडायला लागली की गाणं, भांडायला लागली की गाणं, डबा उघडायचा तरी गाणं. कालिंदीताई स्वतः गाणी रचायच्या, आणि त्यांचा आवाज असा काही चढायचा की शेजारच्या वर्गातली पोरंही ठेका धरायची म्हणे. मी स्वतः तो ऐकला आहे. त्या स्वयंपाकघरातून गायच्या आणि फळीवर माझ्या तारा आपोआप थरथरायच्या.

मग त्यांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जीव वाचला, पण आवाज बदलून आला. जाड झाला, खाली उतरला, वर चढायला गेला की मध्येच फाटायचा. डॉक्टर म्हणाले, आवाज राहील, पण पूर्वीचा असेल असं नाही. फेब्रुवारीत कालिंदीताई एक दिवस वर्गात गेल्या. त्यांनी गाणं सुरू केलं, वरच्या सुराला आवाज फाटला आणि मुलं खदखदा हसली. लेकरंच ती, हसणारच. पण कालिंदीताई घरी आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून रजेवर राहिल्या.

शाळेच्या मोठ्या बाई भल्या होत्या. त्यांनी घरी येऊन सांगितलं, "कालिंदी, जूनपासून ऑफिसात बस. प्रवेशाचे फॉर्म बघ, गळ्याला ताण नको. शाळा उघडेल त्या दिवशी मला काय ते सांग." कालिंदीताईंनी त्याच रात्री अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. शिशुवर्ग सोडून ऑफिसात बसवावं, असा अर्ज. अर्ज चार ओळींचा, पण लिहायला त्यांना तास लागला. त्या गप्प घरात मला जीव नकोसा झाला होता.

एका दुपारी त्या फळी पुसायला आल्या. फडकं माझ्या तारांवरून गेलं आणि मी वाजलो. त्या थबकल्या. पुन्हा फडकं फिरवलं, मी पुन्हा वाजलो. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, तिसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी हेमचंद्ररावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काय करतेयस?"

"पुसतेय."

"सकाळपासून तिसऱ्यांदा?"

"धूळ फार येते हो समोरून," त्या त्यांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या आणि मला खाली काढलं.

हेमचंद्रराव मला तुणतुणं म्हणायचे. माझा संताप व्हायचा, पण बोलणार कुणाशी? ते म्हणाले, "आता हे तुणतुणं शिकणार का तू?"

"मुलांना सूर तरी देता येईल. गळा नाही तर नाही."

बघा मित्रांनो. माझं दोन वर्षं घोळवलेलं मत त्या एका वाक्यानं पार मोडीत निघालं. या बाईला कुणावर छाप पाडायची नव्हती. तिच्याकडून काहीतरी निसटलं होतं आणि ते धरून ठेवायला तिला चार तारा हव्या होत्या. मी लगेच हुरळून गेलो.

शिकवणी फोनवरून सुरू झाली. हिमांशू पुण्याहून सांगायचा, "आई, अंगठ्यानं छेड. मनगट सैल सोड." दोन आठवड्यांत त्यांना हिमांशूच्या तीन कॉर्ड आल्या, महिन्यात सात. आपला लेक मागे पडला याचा त्यांना आनंद झाला होता, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. सगळं छान चाललं होतं. फक्त एक गोष्ट मला कुरतडत होती. त्या वाजवायच्या, पण ओठ मिटून. आमची जात गाण्याच्या संगतीची आहे. नुसतं वाजलं की मला जेवणात मीठ नसल्यासारखं होतं. रोज वाटायचं आज गातील, आज गातील. कालिंदीताई मात्र एक शब्द उच्चारायच्या नाहीत.

हे हेमचंद्ररावांनाही सलत होतं. वर वर ते कितीही तिरकस बोलोत, त्यांचा जीव बायकोत होता. दर गुरुवारी भजनी मंडळात ते पेटी वाजवायचे आणि घरी गेली तीस वर्षं कालिंदीताईंच्या गाण्याला साथ करायचे. तिचा सूर काळी पाच. ते डोळे मिटून पेटीच्या त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवायचे आणि ती गायला लागायची, तिला विचारायचीसुद्धा गरज नसायची. आता त्यांनी मनाशी एक हिशेब मांडला. तिच्या कानावर तिचा सूरच पडत नाही, म्हणून गळा विसरलाय. हे तुणतुणं खालच्या सुरात लावलेलं आहे. काळी पाचला लावून ठेवू. तिनं तार छेडली की कान जागे होतील आणि गळा आपोआप वर जाईल.

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. नळाला नऊ दिवसांनी पाणी आलं होतं. कालिंदीताई बादल्या घेऊन खाली गेल्या आणि हेमचंद्ररावांनी ती वेळ साधली. पेटी काढली, मला मांडीवर घेतलं आणि खुंट्या पिळायला लागले. तंबोरा लावतात तशा माझ्या तारा त्यांना सा आणि प मध्ये जुळवायच्या होत्या, तेही काळी पाचला. अहो, मी काय तंबोरा आहे? माझ्या दोन तारांना त्यासाठी पाच पाच, सहा सहा सूर वर चढावं लागणार होतं. बाहेर बेचाळीस अंश ऊन, हवेत ओलाव्याचा थेंब नाही, माझा गोंद आधीच वाळून कुरकुरीत झालेला. मी कण्हायला लागलो. त्यांना वाटलं, सूर चढतोय. "अजून थोडं, अजून थोडं," ते मला लाडानं म्हणत होते. तार तुटली असती तर बरं झालं असतं. तार टिकली. काड्कन घोडी उखडली आणि चारही तारांसकट उडून पेटीवर आपटली.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. हेमचंद्ररावांनी घाईघाईनं पेटीवरची घोडी उचलली. तेवढ्यात दार उघडलं आणि पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन बद्रीनाथ आत आला. समोरच्या अर्धवट इमारतीचा तो वॉचमन. नळाचं पाणी तिसऱ्या मजल्यावर चढायचं नाही, म्हणून तो पाण्याच्या दिवशी कालिंदीताईंना कॅन वर आणून द्यायचा. त्याच्यामागून त्या दोन बादल्या घेऊन आल्या. बादल्या खाली ठेवल्या, माझ्याकडे पाहिलं, मग पेटीकडे.

"कुठल्या पट्टीत लावत होतात?" त्यांनी विचारलं.

"काळी पाच."

कालिंदीताई खुर्चीवर बसल्या. पदरानं हात पुसत राहिल्या.

"ती आता नाही हो."

"मला वाटलं, सूर कानावर पडला तर..."

"मी रोज सकाळी उठून शोधते. तुम्ही उठायच्या आत, गॅलरीत उभी राहून. नाही सापडत. तुम्ही ऐकताना तिलाच शोधत असता, ते मला कळतं. म्हणून मी तुमच्यासमोर गात नाही." त्या थांबल्या. एवढं बोलूनही त्यांना धाप लागली होती. "जाऊ द्या. ऑफिसच बरं. फॉर्मला सूर लागत नाही."

मी तिथं फुटक्या पोटानं पडलो होतो, पण मला माझं दुखणं सुचत नव्हतं. हेमचंद्रराव एवढे हुशार, टिपणं लिहिण्यात कुणाला हार न जाणारे, पण आता ती घोडी माझ्या पोटावर नुसती टेकवून पाहत होते. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

बद्रीनाथनं कॅन उतरवला. मला उचललं, उलटं केलं, उखडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. घोडीही पाहिली. त्याचा हात राकट होता, पण बोटं मात्र डॉक्टरसारखी फिरत होती.

"ताई, हे मेलं नाय अजून," तो म्हणाला. "लाकूड फाटलेलं नाय, नुसता सांधा सुटलाय. डोळा भरल्यावानी भरावं लागंल."

"म्हणजे?" हेमचंद्ररावांनी विचारलं.

"काका, मी पाचोडचा. मोसंबीची बाग व्हती माझी, साडेतीनशे झाडं. जंबेरी लिंबाच्या खुंटाला चीर द्यायची, त्यात मोसंबीचा डोळा, म्हंजे फुटायचा कोंब, बसवायचा अन् वरून पट्टी आवळून बांधायची. खुंट एकाचा, डोळा दुसऱ्याचा, अन् झाड येक. हजारानं डोळे भरलेत या हातानं." त्यानं हात पुढे केले आणि मग ते कुठं ठेवावे ते कळेना म्हणून खिशात घातले. "दोन साल पाणी नव्हतं. बाग वाळली, तोडली. आता गेटावर बसून असतो. हात लई वळवळतेत."

त्या एका वाक्यानं मला बद्रीनाथ आपला वाटला. काम नसलेल्या हातांची वळवळ मला चांगली ठाऊक होती.

डोळा भरायचा छोटा चाकू त्यानं अजून जपून ठेवला होता. संध्याकाळी तो घेऊन आला. माझ्या पोटावरचा आणि घोडीखालचा वाळका गोंद त्यानं कण कण खरवडून काढला, समोरच्या इमारतीतल्या सुताराकडून आणलेला फेव्हिकॉल लावला, घोडी नेमकी जागेवर टेकवली, वर एक ठोकळा ठेवला आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून मला असं आवळलं की माझा श्वास कोंडला.

"आता एकवीस दिवस सोडायचं नाय."

"एकवीस? फेव्हिकॉल तर एका दिवसात वाळतो," हेमचंद्रराव म्हणाले.

"वाळतो. पण धरला का नाय, ते एकवीस दिवसांनी कळतं. उनात ठेवू नका. जवळ ओलं फडकं असू द्या, लई कोरडं झालं की लाकूड आक्रसतं."

एकवीस दिवस! माझ्यासारख्या पिसूसाठी ही शिक्षा होती. ना तार, ना सूर, अंगाला रबराचे वेढे. शाळा उघडायला बावीस दिवस होते, आणि पर्समध्ये तो अर्ज तसाच होता. कालिंदीताई माझ्याजवळ यायच्या, बघायच्या, निघून जायच्या. माझ्याजवळ वाटीत ओलं फडकं ठेवायचं काम हेमचंद्ररावांनी घेतलं. घरात प्यायचं पाणी मोजून होतं, पण ते रोज स्वतःच्या तोंड धुवायच्या पाण्यातून एक भांडं वाचवायचे आणि फडकं भिजवायचे. मला तुणतुणं म्हणणं त्यांनी कधी बंद केलं, ते माझ्याही लक्षात आलं नाही. नवव्या दिवशी त्यांना राहवेना. त्यांनी एका पट्टीला हात घातला, तेवढ्यात बद्रीनाथ दारात.

"काका, डोळा उघडून बघितला की मरतो."

हेमचंद्ररावांनी हात मागे घेतला. चहा पिऊन बद्रीनाथ गेला, आणि ते वाटीतलं फडकं पुन्हा भिजवून आले.

एकविसाव्या दिवशी पट्ट्या सुटल्या. बद्रीनाथनं घोडीवर अंगठा दाबला, दोन्ही बाजूंनी हलवून पाहिली. ती जागची हलली नाही. मी सुटकेचा श्वास सोडला.

"धरलं," तो म्हणाला. "पण ताई, आता पयल्यासारखं ताणू नका. नवा सांधा हाय. कलमाला पयल्या सालात फळ धरू देत नाय आपून, फूल आलं तरी खुडून टाकतो. दोन सूर खालीच ऱ्हाऊ द्या. खाली असलं म्हणून काय वाईट नसतं."

हेमचंद्ररावांनी मला उचललं. सवयीनं त्यांचा हात खुंटीकडे गेला, मग थांबला. त्यांनी मला कालिंदीताईंच्या मांडीवर ठेवलं.

"तू लाव. तुला बरं वाटेल तिथं."

त्यांनी तारा हळूहळू ओढल्या आणि दोन सूर खालीच सोडल्या. सैल तारांचा आवाज जरा जाड आला. मला तो माझा वाटलाच नाही, घोगरा, खोल, कुणा वयस्क माणसाचा. कालिंदीताईंनी एक कॉर्ड छेडली, दुसरी छेडली आणि तिसरीला, त्यांच्याही नकळत, त्यांचे ओठ उघडले. त्यांनीच रचलेलं शिशुवर्गाचं गाणं होतं ते.

"एक होती वाटी, वाटीत होतं पाणी,
चिमणी आली प्यायला, उरलं किती, राणी?"

मित्रांनो, आवाज फाटला नाही. त्याला वर जायचंच नव्हतं. मी खाली होतो, कालिंदीताईही खाली होत्या, आणि तिथं आम्हा दोघांना पाय टेकायला जागा होती. त्यांनी सगळं गाणं म्हटलं. माझ्या पोटातलं प्रत्येक लाकूड थरथरत होतं आणि मला सांगायला लाज नाही, मला रडू येत होतं.

हेमचंद्ररावांनी पेटीला हात लावला नाही. "हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता," ते म्हणाले.

"मी तरी कुठं?" त्या म्हणाल्या.

पण घरात गाणं वेगळं आणि चाळीस मुलांपुढे वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कापडी पिशवीत घातलं आणि पर्स खांद्याला लावली. अर्ज पर्समध्येच होता. ऑफिसवरून जाताना त्या दोनदा थांबल्या.

शिशुवर्गाचा पहिला दिवस म्हणजे काय, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. चाळीसांपैकी तीस रडत होती. एक दप्तर फेकत होता, एकीनं दाराची कडी सोडली नव्हती. त्या कडीवालीला मी ओळखत होतो. ती बद्रीनाथची लेक श्रेया, पाच वर्षांची. पाचोडहून येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. कालिंदीताईंनी मला बाहेर काढलं. वर्गात कुणी गप्प बसलं नाही. त्यांनी पहिली कॉर्ड छेडली, दोन-चार डोकी वळली. मग त्यांनी डोळे मिटले आणि त्या खालच्या, जाड आवाजात सुरू केलं. एक होती वाटी.

रडणं हळूहळू ओसरलं. सगळे टकामका बघायला लागले. बाईमाणसाच्या तोंडून असा आवाज त्यांनी ऐकला नसावा. तेवढ्यात दारातून श्रेया मोठ्यानं म्हणाली, "बाई, तुमचा आवाज आमच्या आबासारका हाय."

सगळा वर्ग खदखदा हसला.

हेच ते. ज्या हसण्याला भिऊन या बाईनं चार महिने तोंड मिटलं होतं, ज्यासाठी चार ओळी लिहायला तिनं तास घालवला होता, ते चाळीस तोंडांनी तिच्यापुढे उभं होतं. तिनं माझ्या तारा हातानं दाबून बंद केल्या. मला वाटलं, झालं, आता मला पिशवीत घालून ती ऑफिसात जाणार. मला हालचाल करता आली असती तर मी तिचा पदर धरला असता.

कालिंदीताईंनी डोळे उघडले. "आबा गातात का तुझे?"

"व्हय. देवळात म्हणतेत."

"मग ये इकडं. आबांच्या आवाजात म्हणून दाखव."

श्रेयानं कडी सोडली. ती पुढे आली, हनुवटी गळ्यात खुपसली आणि शक्य तितका जाड आवाज काढून ओरडली, "येक व्हती वाटी!" आणि मग काय सांगू, साऱ्यांनाच आबा व्हायचं होतं. चाळीस लेकरं हनुवट्या खाली घालून, गाल फुगवून जाड आवाजात गायला लागली. मघाशी रडणारी गात होती, दप्तर फेकणारा गात होता. कालिंदीताई त्यांच्यात मिसळून गेल्या. कुणाचा आवाज फाटला, कुणाचा लागला, ते त्या गलक्यात ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, थोडा वेळ ऐकलं आणि काही न विचारता परत गेल्या. मधल्या सुट्टीत कालिंदीताईंनी अर्ज काढला, त्याची होडी करून श्रेयाला दिली.

त्याच दिवशी श्रेयानं माझ्या तारेला पहिलं बोट लावलं. आज ती मोठी झाली आहे आणि माझ्यावर तिला बारा गाणी येतात. तिनं मला का उचललं, असं कुणी विचारलं तर ती खांदे उडवते. मला ठाऊक आहे. तिनं एका घाबरलेल्या बाईला सगळ्यांदेखत गाताना पाहिलं होतं. पुढे आणखी कितीतरी जणांनी असंच काहीबाही पाहून मला हातात घेतलं. जुनं मत मी कधीच टाकून दिलं आहे.

माझ्या घोडीजवळ अजून त्या सांध्याची रेघ दिसते. तेव्हा मित्रांनो, घरात वाद्य असेल तर त्याला उन्हात टाकू नका, उन्हाळ्यात जवळ ओलं फडकं ठेवा, आणि जिथवर ताण सोसेल तिथवरच पिळा. माणसांचंही तेच आहे. तुमच्या घरात कुणाचा आवाज बसला असेल, हात कापत असतील, चाल मंदावली असेल, तर त्यांच्याकडून कालचा सूर मागू नका. मागणारा प्रेमानंच मागतो, पण मोडायचं ते मोडतंच.

आमच्या घरी आता रोज संध्याकाळी गाणं असतं. हेमचंद्रराव मला मांडीवर घेतात, खुंटीवर बोट ठेवतात आणि थांबतात. "कालिंदी," ते विचारतात, "आज कुठं आहेस?"

"आज जरा खालीच," त्या म्हणतात, आणि ते मला तेवढंच खाली आणतात.